उजेडाचा जमाखर्च



आमच्या घरी एक छायाचित्र आहे. गेल्या अक्षय तृतीयेला आईच्या वर्षीतपाचे पारणे झाले, तेव्हाचे. स्थानकाच्या सभागृहात पूर्वेकडच्या खिडक्यांतून येणारा सकाळचा उजेड होता, तेवढाच. महासतीजी मांगलिक देऊन गेल्या होत्या. परंतु त्यांच्या उपस्थितीमुळे न लावलेले विजेचे दिवे त्यांच्यामागे लगेच लावावेत असे कोणालाही वाटले नाही. आईचे थोरले बंधू, आमचे मामा, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी रात्रभराचा रेल्वेप्रवास करून आले होते. त्यांनी उसाच्या रसाचा चांदीचा कलश दोन्ही हातांनी उचलला, आईने डोक्यावरचा पदर सावरत मान किंचित लववली, आणि त्याच क्षणी माझ्या पुतण्याने कॅमेऱ्याचे बटण दाबले. पुढच्याच क्षणी नातलगांचा गराडा पडला.

छायाचित्रात कलश लखलखीत आला आहे. मामांच्या हातांवरच्या शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. कलशामागे वीतभर अंतरावर असलेला आईचा चेहरा मात्र धुक्यात गेल्यासारखा आहे. दिवाळीच्या आधी मामा गेले. त्या दिवशीचे दोघा भावंडांचे एकत्र असे हे एकच छायाचित्र.

चूक स्वस्त साधनाची असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. पुतण्याने त्या दिवसासाठी मुद्दाम ७० ते २०० मिलिमीटरची, एफ/२.८ क्षमतेची, व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात ती भारी झूम लेन्स भाड्याने आणली होती. तिच्यावाचून त्या उजेडात काम होणार नाही, हा त्याचा अंदाज बरोबर होता. आणि चेहरा धूसर झाला तो त्या लेन्सच्या उणिवेमुळे नव्हे, तर ज्या गुणासाठी तिचे पैसे मोजले त्याच गुणामुळे.

पुतण्या दोन वर्षांपासून लग्ने आणि धार्मिक कार्यक्रम यांची छायाचित्रे व व्हिडिओ काढण्याचा व्यवसाय करतो. कापडाच्या पेढीवर न बसता त्याने हा मार्ग धरला, तेव्हा घरात थोडी कुरबुर झाली होती. आता ती राहिलेली नाही. पारण्यानंतर महिनाभराने तो माझ्याकडे आला. हातात दरपत्रक होते. दोन झूम लेन्स, दोन्ही एफ/२.८, किंमत मिळून साडेतीन लाखांच्या पुढे.

“काका, पेढीतून उचल द्याल का? व्याजासह फेडीन.”

“देऊ,” मी म्हणालो, “पण आधी मला माल समजावून सांग. जो माल कळत नाही त्यात पैसा घालायचा नाही, हे तुझ्या आजोबांनी मला शिकवले आहे.”

या सदरात आपण एरवी भांडवल, उधारी, घरातले वाटप अशा विषयांवर बोलतो. यावेळी लेन्सविषयी लिहीत आहे, कारण असे दरपत्रक आज पुष्कळ घरांत येते. कोणाचा मुलगा हाच व्यवसाय करतो, कोणाची सून दुकानाच्या मालाचे व्हिडिओ काढते, कोणाला घरच्या लग्नासाठी छायाचित्रकार ठरवायचा असतो. पुतण्याबरोबर बसून मी जे समजून घेतले ते व्यापाऱ्याच्या भाषेत मांडतो.

‘फास्ट’ लेन्स म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स. उजेड जास्त आला की शटर थोडा वेळ उघडे ठेवून भागते, म्हणून तिला वेगवान म्हणायचे. हा उजेड ज्या छिद्रातून येतो त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात, आणि एफ/२.८, एफ/४ हे त्याचे माप आहे. हे माप म्हणजे सरळ भागाकार आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास निघतो. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. एफ/४ पेक्षा एफ/२.८ ला दुप्पट उजेड मिळतो, एफ/५.६ पेक्षा चौपट. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सवर ‘३.५-५.६’ असे दोन आकडे लिहिलेले असतात. लेन्स लांबच्या टोकाला नेली की आकडा आपोआप वाढतो आणि उजेड कमी होतो. भारी झूममध्ये दोन्ही टोकांना एकच आकडा राहतो. ग्राहक जवळचा असो की दूरचा, भाव एकच. तसा हा प्रकार.

आता या दुप्पट उजेडाची किंमत पाहा. ७० मिलिमीटरला एफ/२.८ साठी छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर लागतो. २०० मिलिमीटरला तोच आकडा राखायचा तर व्यास ७१ मिलिमीटरच्या वर जातो. एफ/४ वर समाधान मानले असते तर ५० मिलिमीटर पुरला असता. म्हणजे पुढची काच मोठी, तिच्यामागच्या काचा मोठ्या, त्यांना धरणारी नळी जाड. कॅननच्या आरएफ मालिकेत ७०-२०० एफ/४ चे वजन ६९५ ग्रॅम आहे आणि एफ/२.८ चे १०७० ग्रॅम. त्याच मालिकेतली २४-१०५ एफ/४ लेन्स ७०० ग्रॅमची आहे, तर २०२३ मध्ये आलेली तिची एफ/२.८ बहीण १३३० ग्रॅमची. उजेड दुप्पट, वजनही जवळजवळ दुप्पट. किंमत तर त्याहून चढी.

आणखी एक पायरी वर चढायचे ठरवले तर सौदा अधिक कडक होतो. कॅननने २०१८ मध्ये २८-७० एफ/२ झूम आणली. एफ/२.८ च्या दुप्पट उजेड देणारी ही लेन्स १४३० ग्रॅमची आहे, तिला पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, आणि रुंद टोकाला ती २४ ऐवजी २८ मिलिमीटरवर थांबते. सिग्माने २०१३ मध्ये लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी एफ/१.८ झूम काढली तेव्हा ती १८ पासून ३५ मिलिमीटरपर्यंतच जात होती. म्हणजे झूम पुरती दुप्पटही नाही. उजेड, झूमचा पल्ला, वजन आणि किंमत या चार खात्यांत एकाच वेळी जमा दाखवणारी लेन्स अजून कोणी बनवलेली नाही. काळ पुढे जातो तसे वजन उतरते, हे खरे. सोनीची २४-७० एफ/२.८ लेन्स २०१६ मध्ये ८८६ ग्रॅमची होती, २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ६९५ ग्रॅमवर आली. १९५९ मध्ये फोइग्टलेंडरने पस्तीस मिलिमीटरच्या छायाचित्र कॅमेऱ्यासाठी ‘झूमार’ नावाची पहिली झूम लेन्स आणली, तीही एफ/२.८ चीच होती. पण तिचा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर इतकाच होता. साठ वर्षांत पल्ला वाढला, काच सुधारली, पण खाती तीच राहिली.

इथवरचा खर्च दरपत्रकावर आणि तराजूवर दिसतो. पारण्याच्या छायाचित्रात जो खर्च झाला तो यांपैकी कुठेच दिसत नाही.

छिद्र जितके मोठे, तितका फोकसचा पट्टा अरुंद. पुतण्या आईपासून सुमारे पाच मीटरवर उभा होता, लेन्स २०० मिलिमीटरवर, छिद्र पूर्ण उघडे. या मापांचा हिशेब केला तर पुढून मागे जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे अर्धी वीत. आईची मान लवलेली, पदर कपाळावर आलेला. चेहरा ओळखून त्यावर फोकस धरण्याची कॅमेऱ्याची सोय तिथे चुकली आणि तिने समोरचा चकाकता कलश पकडला. कलश आणि चेहरा यांच्यात वीतभर अंतर. अर्ध्या विताच्या पट्ट्यात दोघे कसे मावणार?

त्याच जागेवरून लेन्स १३५ मिलिमीटरवर आणून छिद्र एफ/५.६ केले असते, तर स्पष्टतेचा पट्टा दोन विती झाला असता. कलश, मामांचे हात आणि आईचा चेहरा, सगळे त्यात आले असते. त्यासाठी उजेड चौपट कमी पडला असता, म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ज्याला आयएसओ म्हणतात, ती १६०० वरून ६४०० करावी लागली असती आणि चित्रात थोडे दाणे आले असते. ते संगणकावर पुष्कळसे पुसता येतात, आणि घरातले कोणी दाणे पाहत बसत नाही. फोकस एकदा चुकला की तो कोणत्याही संगणकावर खऱ्या अर्थाने परत येत नाही.

मोठे छिद्र ही मुभा आहे, सक्ती नाही. तिचे पैसे दिले म्हणून ती प्रत्येक वेळी वापरलीच पाहिजे, असे वाटू लागणे ही खरी अडचण. दुकानात नवे कपाट आणले की ते भरण्यासाठी माल घेणारा व्यापारी आपण पाहिलेला असतो.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, फ्लॅश लावायचा. इथे आपल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. तेजस्कायाच्या विराधनेचा विचार करून अनेक साधू-साध्वी विजेचा वापर टाळतात. कित्येक मंदिरांच्या गाभाऱ्यात आजही तुपाचेच दिवे तेवतात. अनेक ठिकाणी छायाचित्रे काढण्यालाच मनाई असते, आणि ती पाळणे हे पहिले कर्तव्य. जिथे परवानगी असते तिथेही तेरा महिन्यांच्या तपाची सांगता करणाऱ्या वृद्ध माणसाच्या डोळ्यांवर लख्ख प्रकाश मारणे अशोभनीय आहे. म्हणून आपल्या कार्यक्रमांत काम करणाऱ्याला मोठ्या छिद्राच्या लेन्सची गरज इतरांपेक्षा काकणभर अधिकच असते. गरज खरी आहे म्हणूनच तिची किंमत नीट कळली पाहिजे.

मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करण्याचा हट्ट एका प्रसिद्ध दिग्दर्शकाने धरला होता. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटात अठराव्या शतकातल्या दिवाणखान्यांचे काही प्रसंग मेणबत्त्यांच्या प्रकाशात टिपले आहेत. त्यासाठी त्यांनी झाइस कंपनीची ५० मिलिमीटरची एफ/०.७ लेन्स वापरली; ती मुळात अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठी बनवलेली होती. ती झूम नव्हती, आणि तिचा फोकसचा पट्टा इतका अरुंद होता की नटांना जवळजवळ जागच्या जागी बसून अभिनय करावा लागला. त्याच चित्रपटात चेहऱ्यापासून सुरू होऊन संथपणे मागे सरत सगळा देखावा उलगडणारी दृश्येही आहेत. त्यांसाठी २४ ते ४८० मिलिमीटरची झूम लेन्स वापरली होती, आणि तिचे माप होते टी/९. टी म्हणजे काचांतून पार होऊन प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या उजेडाचे माप. चित्रपटाच्या लेन्सवर तेच लिहितात. दोन्ही लेन्समधल्या उजेडाचा फरक दीडशेपटीहून अधिक. हव्या त्या गोष्टीसाठी वाट पाहू शकणाऱ्या या दिग्दर्शकालाही एकाच लेन्समध्ये दोन्ही गुण मिळाले नाहीत. त्यांनी कामे वेगळी केली आणि प्रत्येकासाठी वेगळे अवजार घेतले.

आता व्हिडिओ. पुतण्याच्या उत्पन्नात त्याचा वाटा वाढतो आहे, आणि छायाचित्राचे सगळे हिशेब तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

स्थिर बसलेल्या माणसाचे छायाचित्र काढताना शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवून उजेडाची तूट भरता येते. व्हिडिओत ती सवलत नाही. सेकंदाला २५ चित्रे घ्यायची, तर हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून शटर सहसा १/५० सेकंदावर ठेवतात. आपल्या विजेची वारंवारता ५० असल्याने दिव्यांची लुकलुकही त्या मापाला दिसत नाही. शटर बांधले गेले की उजेडासाठी छिद्र आणि आयएसओ ही दोनच खाती उरतात. म्हणून अंधाऱ्या सभागृहात व्हिडिओ काढणाऱ्याला एफ/२.८ ची गरज छायाचित्रकारापेक्षाही जास्त भासते. दोन्ही टोकांना एकच आकडा राहण्याचा लाभही इथेच खरा कळतो. चित्रण चालू असताना झूम केले तर साध्या लेन्सवर चित्र मधेच काळवंडते, भारी लेन्सवर ते तसेच राहते.

परंतु वरघोड्याच्या दिवशी भर उन्हात हीच संपत्ती ओझे होते. कडक उन्हात १/५० सेकंदाला एफ/२.८ ठेवले तर गरजेच्या चौसष्टपट उजेड आत येतो. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून छिद्र उघडे ठेवायचे, आणि मग आलेला उजेड अडवण्यासाठी पुढे काळपट काचेचा एनडी फिल्टर लावायचा. पुढची काच जितकी मोठी तितका हा फिल्टर महाग. आधी उजेड विकत घ्यायचा आणि मग तो अडवण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

शिवाय फोकस. छायाचित्रात तो एका क्षणापुरता साधावा लागतो. व्हिडिओत नवरी चालत येते तेव्हा तिच्या प्रत्येक पावलाबरोबर अर्ध्या विताचा पट्टा सरकत राहिला पाहिजे. काही लेन्समध्ये फोकस पुढेमागे होताना चौकटीतले दृश्य किंचित लहानमोठे होते. जणू चित्र श्वास घेते. छायाचित्रात हे कळतही नाही, व्हिडिओत डोळ्यांना खुपते. झूम केल्यावर फोकस जागेवर राहणे हा गुण चित्रपट व दूरचित्रवाणीच्या लेन्समध्ये जपलेला असतो; छायाचित्रासाठी बनवलेल्या बहुतेक झूममध्ये तो नसतो, स्वयंचलित फोकस धावपळ करून तूट भरून काढतो. तिसरी गोष्ट तोलाची. झूम करताना जी लेन्स लांब होते ती यांत्रिक दांडीवर, म्हणजे गिंबलवर, लावली की दर वेळी तोल बिघडतो. कॅननची २०१९ ची ७०-२०० एफ/२.८ लेन्स अशी लांब होणारी आहे. पिशवीत ती आखूड मावते, हा तिचा लाभ. २०२४ मध्ये त्याच कंपनीने त्याच मापांची दुसरी लेन्स काढली. तिची लांबी झूम करतानाही बदलत नाही, ती व्हिडिओ करणाऱ्यांनाही डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे, आणि पिशवीत जास्त जागा खाते. एकाच कंपनीला एकाच मापाच्या दोन लेन्स विकाव्या लागतात, यावरून दोन कामांच्या गरजा किती वेगळ्या आहेत ते कळते.

दुकानासाठी छायाचित्रे काढणाऱ्यांना इथे एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायची आहे. दागिना, भांडे, घडी घातलेली साडी यांच्या छायाचित्राला एफ/२.८ झूमचा काडीइतकाही उपयोग नाही. बांगडीची पुढची कड स्पष्ट आणि मागची धूसर, हे ग्राहकाला नको असते. त्याला सगळी घडण पाहायची असते. तिथे छिद्र एफ/८ किंवा एफ/११ पर्यंत बारीक करावे लागते. माल हलत नाही, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर हवा तितका वेळ उघडे ठेवता येते. खिडकीजवळचे टेबल, उजेड पसरवणारा पांढरा पडदा, तिपाई आणि जवळचे टिपणारी साधी मॅक्रो लेन्स एवढ्यावर काम चोख होते. या कामासाठी कोणी तुम्हाला दीड-दोन लाखांची झूम सुचवली, तर दुकानदाराचा फायदा कशात आहे हे ओळखायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग पुतण्याच्या दरपत्रकाचे काय झाले?

मी त्याला विचारले, “वर्षभरात तू लेन्सचा कुठला भाग किती वापरलास, याची नोंद आहे का?” नोंद होती, आणि ती त्याने कधी उघडली नव्हती. डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राबरोबर नाभीय अंतर, छिद्राचे माप, शटर आणि आयएसओ हे सगळे आपोआप लिहून ठेवतो. असा रोजमेळ आपल्याला पेढीवर फुकट मिळाला असता तर! पावसाळ्यातले दोन दिवस आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. त्याने गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष दिलेल्या छायाचित्रांची खतावणी केली. काढलेल्या नव्हे, दिलेल्या. कारण विकला गेला तोच माल.

खतावणी बोलकी निघाली. समूहाची जवळजवळ सगळी छायाचित्रे एफ/५.६ किंवा त्याहून बारीक छिद्राची होती. दोन-तीन रांगांत उभे असलेले नातलग एफ/२.८ च्या पट्ट्यात मावतच नाहीत. मोठे छिद्र खरोखर लागले होते ते सभागृहातल्या विधींना, संध्याकाळच्या स्वागताला आणि व्हिडिओला; तेही बहुतेक ७० मिलिमीटरच्या आतच. लांब लेन्सचे दिवस वर्षात मोजके होते, पण त्या दिवसांना तिला पर्याय नव्हता.

यावरून निर्णय झाला. रोज लागणारी मधल्या पल्ल्याची एफ/२.८ झूम विकत घ्यायची, पण मूळ कंपनीची नव्हे, टॅमरॉनची २८-७५. वजन ५४० ग्रॅम, किंमत निम्म्याहून कमी. तिची उणीवही त्याने लिहून ठेवली: ती २४ ऐवजी २८ पासून सुरू होते. तीन मीटरवरून २४ मिलिमीटरला साडेचार मीटर रुंदीचे दृश्य मावते, २८ ला चार मीटरहून थोडे कमी. अरुंद दिवाणखान्यात समूहाच्या दोन्ही टोकांचे पाहुणे कापले जाणार, आणि नेमके तिथे जावई उभे असणार. त्यासाठी जुनी, साधी, रुंद लेन्स पिशवीत ठेवायची. समूहाला मोठे छिद्र लागतच नाही. लांब ७०-२०० विकत घ्यायची नाही, मोजक्या दिवसांसाठी भाड्याने आणायची. ते भाडे गिऱ्हाइकाच्या देयकात धरायचे.

आपल्या पेढ्यांवर जांगड नेण्याची जुनी रीत आहे. माल घेऊन जा, घरी पाहा, पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत आणा. लेन्सच्या भाड्याकडे मी तसेच पाहतो. ज्या दिवशी वर्षाच्या भाड्याची बेरीज हप्त्याला गाठेल, त्या दिवशी ती लेन्स खुशाल विकत घ्यावी. तोवर ते भांडवल अडकवू नये. लेन्सचा भाव कॅमेऱ्यापेक्षा सावकाश उतरतो हे खरे, पण एका कंपनीच्या माउंटची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहज बसत नाही, म्हणजे लेन्स घेणारा त्या कंपनीशीही बांधला जातो. आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बंद पिशवीत पडून राहिलेल्या काचेवर बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना आतून टॉर्च मारून पाहावी, घरात ती कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. पडून राहिलेला माल खराब होतो, हे धान्यालाच नव्हे, काचेलाही लागू आहे.

परिग्रहाचे परिमाण ठरवताना आपण वस्तूंची संख्या मोजतो. या व्यवहारात मला जाणवले की आधी गरज मोजावी लागते. ती मोजली की संख्या आपोआप ठरते. पुतण्याला उचल मिळाली, मागितलेल्या रकमेच्या पाव भागाहून कमी. लग्नसराईनंतर त्याने पहिला हप्ता आणून दिला आणि तो वहीत त्याच्या नावे जमा झाला.

पारण्याचे ते छायाचित्र तो आईला दाखवायचे टाळत होता. मामा गेल्यानंतर मात्र राहवेना, म्हणून त्याने मोठ्या आकारात छापून आणले आणि क्षमा मागतच तिच्या हातात दिले. आईने ते चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

“फोटो नसता तरी तप व्हायचं ते झालंच असतं,” ती म्हणाली. “दादाचे हात छान आले आहेत.”

ते आता तिच्या खोलीत भिंतीवर आहे. पुतण्याने स्वतःसाठी एक नियम केला आहे, आणि आजवर तो मोडलेला नाही. पारणे असो की लग्नाचे फेरे, पहिले छायाचित्र तो एफ/५.६ वर काढतो. दाणे आले तर येऊ देत, सगळे चेहरे त्यात आले पाहिजेत, ते घरच्यांसाठी. मग छिद्र उघडतो.